आप्पांचा खालचा मजला

माघ सरत आला तरी नाशिकची थंडी एकदम जात नाही. सकाळी अंगणात शाल लागते आणि ऊन चढलं की तीच शाल खुर्चीच्या पाठीवर टाकून माणूस सावली शोधायला लागतो. आमच्या पाथर्डीकडच्या रस्त्यावरून द्राक्षांचे क्रेट भरलेल्या पिकअप गाड्या दिवसभर जात असतात. एखादी गतिरोधकावर आदळते, थोडे मणी रस्त्यावर सांडतात, चिरडतात आणि दुपारपर्यंत त्यांचा आंबूस-गोड वास उन्हात तापत राहतो. शाळेत दहावीच्या सराव परीक्षा चालू असतात. मी मराठी शिकवते. या दिवसांत माझ्या पिशवीत डब्यापेक्षा उत्तरपत्रिकांचंच ओझं जास्त असतं.

यंदा या सगळ्यात आणखी एक वास मिसळला आहे. खरं तर तो आता कुठेच नाही, तरी येतो. ओल्या सिमेंटचा, कापलेल्या फरशीचा, खरवडलेल्या रंगाच्या भुकटीचा. गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही घराच्या खालच्या मजल्याचं काम काढलं होतं.

घर आप्पांनी, माझ्या वडिलांनी, बांधलेलं. ते अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात होते. यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढायचे. घराचा नकाशाही त्यांनीच काढला. खाली हॉल, त्यामागे स्वयंपाकघर, दोन्हींच्या मध्ये एक लांब भिंत आणि कोपऱ्यात त्यांची-आईची खोली. वर दोन खोल्या. तिथे आता मी आणि माझा नवरा दिलीप राहतो. घर बांधून झालं आणि काही वर्षांतच आप्पांची नजर जायला लागली. काचबिंदू होता. आधी कडा गेल्या. नळीतून बघितल्यासारखं दिसतंय, असं ते म्हणायचे. मग ती नळी बारीक होत गेली आणि मी कॉलेजात असताना बंद झाली.

ज्या माणसाने घराची रेघ न् रेघ काढली होती, त्याला आईने ते घर पुन्हा शिकवलं. त्या दिवसांतलं एक चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आई पुढे, आप्पा मागे, त्यांचा हात तिच्या डाव्या खांद्यावर. ती हळू चालायची आणि बोलत राहायची. "हा दिवाण. आता उजवा हात लांब करा, भिंत लागेल. भिंत धरून चला. भिंत संपली की स्वयंपाकघर." पुन्हा पुन्हा. सकाळी, दुपारी, भाजी फोडणीला टाकून मध्येच येऊन. मग एक दिवस आप्पा तिच्या खांद्याशिवाय दिवाणापासून स्वयंपाकघरापर्यंत गेले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चहा मिळेल का?" आईने पदर तोंडाला लावला. रडतेय की हसतेय, मला कळलं नाही.

त्या दिवसापासून खालच्या मजल्यावरची कुठलीही वस्तू हलली नाही. दिवाण तिथे, टीपॉय तिथे, पाण्याचा माठ तिथेच. दार एक तर पूर्ण उघडं, नाही तर पूर्ण बंद, कारण अर्धवट उघडं दार आंधळ्या माणसाच्या कपाळावर येतं. चपला मांडणीत, खुर्च्या टेबलाखाली. एका गणपतीत माझ्या मामीने आरतीच्या गर्दीत एक स्टूल जरासं बाजूला केलं आणि आप्पा त्यावरून पडले. भुवईपाशी चांगलीच जखम झाली. मामी रडकुंडीला आली. आई तिला काही बोलली नाही, पण पुढच्या वर्षीपासून आमचा गणपती वरच्या मजल्यावर बसायला लागला.

आप्पा एरवीही कुठे आपटले तर ओरडत नसत. नुसतं "हं" म्हणत. कुणीतरी त्यांना काही सांगितलंय आणि त्यांना ते पटलंय, असं ते "हं" असायचं.

आई हातभर काचेच्या बांगड्या घालायची. मला वाटायचं, तिला हौस आहे. फार उशिरा कळलं, ती घरात कुठे आहे ते आप्पांना समजावं म्हणून ती बांगड्या वाजत्या ठेवायची. आप्पा गेले तेव्हा शेजारच्या बायकांनी त्या उतरवायला सांगितल्या. "राहू द्या," आई म्हणाली. पुढे कुणी आग्रह केला नाही.

ते एका पावसाळ्यात गेले, दुपारी, झोपेतच. घर मात्र होतं तसंच राहिलं. आम्ही सगळे त्यांच्याच वाटांनी चालत होतो. वीज गेली तरी आमच्या घरात कुणी मेणबत्ती शोधायला धावत नसे. अंधारातही आम्हाला सगळं ठाऊक होतं. मला ते आवडायचं. शाळेतून आले की मी दिवाणापाशी थांबायचे, उजवा हात लांब करायचे, भिंतीला तळवा टेकवायचे आणि स्वयंपाकघरापर्यंत तशीच जायचे. आप्पा त्या भिंतीत होते, असं मला वाटायचं. कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून गेल्या वर्षी संक्रांतीनंतर एका सकाळी आई चहा पिता पिता म्हणाली, "मंजू, खालचं सगळं पाडून नवं करू या," तेव्हा मला आधी ते नीट समजलंच नाही.

"म्हणजे रंग काढायचा?"

"रंग नाही. ही भिंत काढायची. स्वयंपाकघर हॉलमध्ये घ्यायचं. हा दिवाण नको, टीपॉय नको. फरशी बदलायची."

"अगं, पण आप्पांचं..."

"आप्पांचंच आहे सगळं," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी इतकी वर्षं या ओट्यापाशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भाकरी करताना रस्ता दिसावा, एवढंच मला हवं होतं. एक खुर्ची खिडकीशी न्यावी, तेही करता आलं नाही. करायचं नव्हतंच. त्यांच्यासाठीच होतं ते. पण आता कुणासाठी आहे?"

दिलीप म्हणाला, आई म्हणतात ते बरोबर आहे. आईच्या चेहऱ्यावर मी कधी नाही असा हट्ट पाहत होते, आणि तो इतका साधा होता की त्याला नाही म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं.

कामाला सोनवणे आले. सटाण्याकडचे, जाडजूड, शांत गृहस्थ. त्यांनी भिंतीवर हात मारून पाहिला. "मावशी, हिच्यावर काय वजन नाय. निघंल." आई त्यांच्यामागे नव्या सुनेसारखी फिरत होती. ओटा कुठवर, खिडकी केवढी, दिवा कुठे. शाळेतून येताना मला दुरूनच आमच्या घरातून ठोकण्याचे आवाज ऐकू येत. फरशी कापायच्या यंत्राची किंचाळी, आणि त्यात मध्येच देवळालीकडून तोफांच्या सरावाचा धप्प धप्प आवाज. तो सराव असला की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. इथे वाढलेल्या माणसाचं तिकडे लक्षही जात नाही. त्या दिवसांत मात्र माझं जायचं. प्रत्येक धप्पला वाटायचं, पडली भिंत.

भिंत पाडण्याआधी तिच्या शेवटच्या भागातला, जो खांबाला लागून राहणार होता, तेवढा रंग खरवडायचा होता. मी त्या दिवशी घरीच होते. सोनवणे पत्रा घेऊन वरचा पिस्ता रंग काढत होते. कमरेच्या जरा वर एक आडवा, काळपट, गुळगुळीत पट्टा होता, तो आम्हाला माहीतच होता. रंगवला की काही महिन्यांत पुन्हा दिसायला लागायचा. सोनवण्यांनी पिस्ता काढला, खाली जुना निळा निघाला. त्यावरही तोच पट्टा. निळ्याखाली पिवळा निघाला. त्यावरही.

सोनवणे थांबले. "मावशी, हितं ओल हाय का? हा पट्टा प्रत्येक रंगाखाली निघतोय."

आई जवळ आली. तिने चष्मा वर करून पाहिलं. "ओल नाही," ती म्हणाली. "हात आहे तो."

सोनवण्यांना कळलं नसावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जिन्यावरून वर निघून गेले आणि खोलीत जाऊन बसले. खाली खरवडण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. आईनेच सुरू करायला सांगितला होता.

भिंत गेली आणि घरात उजेड आला. एवढा उजेड आमच्या घरात मावतो हे मला माहीत नव्हतं. रस्त्यावरची गुलमोहराची फांदी ओट्यापाशी उभं राहून दिसायला लागली. फिकट फरशी, भिंतींना पांढरा रंग, दिवाणाच्या जागी राखाडी सोफा, मधोमध जेवणाचं टेबल. शेजारणी बघायला आल्या. आईने सगळ्यांना पोहे केले आणि करताना पाठमोरी न होता सगळ्यांशी गप्पा मारत होती. तिला तसं मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या आनंदात मला आनंद होता, असं मी स्वतःला सांगितलं. बऱ्याच अंशी ते खरंही होतं.

पण आमच्या पायांना काही ते समजलं नाही. दिलीप पाण्याचा तांब्या घेऊन निघाला की मोकळ्या हॉलमध्ये जिथे भिंत संपायची, तिथवर जाऊन वळायचा. मी नसलेल्या टीपॉयला वळसा घालायचे. आई तर सोफ्यावरून उठली की उजवा हात जरासा बाहेर काढायची. तो हात हवेत तसाच राहायचा. आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. पहिले काही दिवस हसलो.

मग आईचं हसणं थांबलं. एके दिवशी मी शाळेतून आले तर ती आपल्या खोलीत, पलंगाच्या कडेला बसून होती. जेवलेली नव्हती. टेबलावर ताट झाकून ठेवलेलं.

"काय झालं?"

ती म्हणाली, "ते आपटतात गं."

"कोण?"

"दुपारी मी जरा आडवी झाले की ऐकू येतं. त्या टेबलावर आपटतात. मग खुर्चीवर. आणि 'हं' म्हणतात." तिने माझ्याकडे पाहिलं. "त्यांना वाट सापडत नाहीये, मंजू. मी त्यांचं घर मोडून टाकलं."

मी तिच्याजवळ बसले. देवळालीचा सराव चालू आहे, त्याने खुर्च्या हलतात, असं काहीतरी बोलले. तिने मान हलवली, पण ती माझं मन राखण्यासाठी. त्यानंतर तिने हॉलमध्ये जेवणं बंद केलं. ओट्याशी उभी राहून घाईघाईने स्वयंपाक करायची आणि खोलीत निघून जायची. ज्या खिडकीसाठी सगळं केलं, तिच्याकडे ती मान वर करून बघायचीही नाही. टेबलाच्या खुर्च्या ती इतक्या आत सारून ठेवायची की ओढायला जोर लागायचा. डॉक्टरांकडे नेलं. कान ठीक होते, रक्तदाब ठीक होता. वय आहे, एकटेपण आहे, जपा, असं त्यांनी सांगितलं. दिलीप म्हणाला, त्यांना वर आपल्याकडे झोपवू. ती येईना. "मी वर गेले तर खाली त्यांच्याजवळ कोण?"

मी रजा टाकून दोन-तीन दुपारी तिच्यासोबत खाली थांबले. ती पलंगावर, मी दाराशी खुर्ची टाकून. हॉल समोर, रिकामा, लख्ख. बाहेर द्राक्षांच्या गाड्यांची घरघर. मध्येच आई मान वळवायची आणि हळूच म्हणायची, "आत्ता." मला काही ऐकू यायचं नाही. मी श्वास रोखून ऐकायचे. टेबल तसंच, खुर्च्या तशाच. भीती वाटायला हवी होती. वाटलं ते दुसरंच. त्या भिंतीवरून रोज हात फिरवणारी मी होते, आणि आप्पा आले तरी मला ऐकू येत नव्हते, याचं मला वाईट वाटत होतं.

अखेर आईच म्हणाली, "सोनवण्यांना बोलाव. भिंत परत बांधू. होती तिथेच."

मी फोन केला. सोनवणे म्हणाले, "ताई, बांधतो. पण मावशींना एकदा नीट इचारून घ्या. लय हौसेनं काढली होती त्यांनी." पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले.

तो आठवडा यायच्या आधीची गोष्ट. पेपर लवकर संपला म्हणून मी दुपारीच घरी आले. दार सताड उघडं होतं. पायरीवर चप्पल काढता काढता मला आईचं बोलणं ऐकू आलं. कुणी आलंय असं वाटलं. आत पाहिलं तर आई हॉलच्या मधोमध उभी होती, पाठमोरी. तिचा उजवा हात तिच्याच डाव्या खांद्यावर होता. कुणाच्या तरी हातावर हात ठेवावा तसा.

"इथे भिंत होती," ती म्हणत होती. "आता नाही. मोकळं आहे. घाबरू नका, या."

ती चालली. हळू, मागच्याला वेळ देत.

"हे टेबल. नवीन आहे. हात लावून बघा. कोपरा इथे येतो, याच्याशीच तुम्ही आपटत होता. डावीकडून चला, म्हणजे लागणार नाही. हा ओटा. दगड बदललाय, गार लागेल. कडा गोल करून घेतली आहे मी."

ती खिडकीपाशी थांबली. तिथे खूप वेळ थांबली.

"इथून रस्ता दिसतो," ती म्हणाली. "म्हणजे, मला दिसतो." मग जरा वेळाने, "मला हे हवं होतं. तुम्ही असताना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही कर म्हणाला असता, आणि मग आपटत राहिला असता. म्हणून नाही सांगितलं. राग मानू नका."

बांगड्या वाजत होत्या. मी पायरीवर चप्पल हातात धरून उभी होते. आत जावंसं वाटत होतं. तिच्या मागे, त्या मोकळ्या जागेच्याही मागे, उभं राहावंसं वाटत होतं. पण तो दोघांचा संसार होता आणि मी दारात आलेलं मूल होते. मी बाहेरच राहिले.

तिने पूर्ण घर दाखवलं. सोफा, पंख्याचं बटण, देव्हारा कुठे सरकवला ते. मग ती पुन्हा मधोमध आली, उभी राहिली आणि तिचा हात खांद्यावरून आपोआप खाली आला.

मी थोडं थांबून, पाय वाजवत आत गेले.

"कधी आलीस?"

"आत्ताच."

तिने चहा टाकला. ओट्याशी, रस्त्याकडे तोंड करून. मी टेबलाशी बसले. उकळी आली तशी ती म्हणाली, "सोनवण्यांना येऊ नका म्हणून कळव."

"का गं?"

"दाखवलं त्यांना सगळं."

मला विचारायचा धीर होत नव्हता, तरी विचारलं, "मग? काय म्हणाले?"

"चांगलं झालंय म्हणाले." तिने चहा गाळला. एक कप माझ्यापुढे ठेवला, एक स्वतःला घेतला. "आणि हात काढून घेतला त्यांनी. पूर्वी घर शिकवताना तो मलाच उचलून खुर्चीवर ठेवावा लागायचा. आज त्यांनीच काढला."

ती टेबलाशी बसली आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही हॉलमध्ये चहा प्यायलो.

त्यानंतर आईला कधी काही ऐकू आलं नाही. निदान ती तसं म्हणाली नाही. ती जेवायला लागली, झोपायला लागली. मग वर्षभरात तिने जे काही केलं, ते बघून दिलीपने हात टेकले. सोफा कधी खिडकीशी, कधी भिंतीशी. टेबल आज आडवं, उद्या उभं. कामावरून आलं की हॉल सकाळचाच असेल याची खात्री नाही. दुपारी कॉलनीतल्या बायका रमी खेळायला येतात आणि आई पत्ते वाटताना इतकी हसते की वरपर्यंत ऐकू येतं. त्या बायका हॉलमधून सरळ ओट्यापर्यंत चालत जातात. त्यांना कशालाच वळसा घालावा लागत नाही.

यंदा पुन्हा माघ आला, गाड्या सुरू झाल्या, माझ्या पिशवीत उत्तरपत्रिका आल्या. परवा मला सुट्टी होती आणि दुपारी रमीवाल्या बायका आल्या नव्हत्या. मी टेबलाशी बसून निबंध तपासत होते. आई झोपून उठली, बाहेर आली, तिने तोंड धुतलं आणि पुसता पुसता माझ्याकडे बघत राहिली.

मी सहज विचारावं तसं विचारलं, "आई, आप्पा परत आले का गं कधी? त्या दिवसानंतर?"

"नाही." तिने टॉवेल दोरीवर टाकला. "तुला काही ऐकू आलं का?"

"नाही. मला कुठे ऐकू येतं? मला तर तेव्हाही आलं नाही."

ती ओट्यापर्यंत गेली, भांडं घेतलं, तसंच ठेवलं, परत आली.

"वर तुझं टेबल आहे," ती म्हणाली. "दिवा आहे, पंखा चांगला आहे. मग वर्षभर शाळेतून आलीस की तू रोज इथेच येऊन का बसतेस?"

माझ्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. कुणा मुलाचा निबंध अर्धा तपासून झाला होता. मला वाटलं, काहीतरी सांगावं, खाली उजेड बरा आहे म्हणावं. पण डोळे भरून आले आणि समोरची ओळ पुसट झाली.

आईने माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले, एकावर एक, बांगड्या वाजणार नाहीत असे.

"बरं," ती म्हणाली. "आज मीपण बसते. दोघी मिळून ऐकू."